आधी वाचून गेलेली बाई

कॉलेजने माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पुस्तक निवडायचं काम घातलं, तेव्हाच मी म्हटलं होतं, नाही म्हणून टाक. पण नाही म्हणायला जीभ लागते, आणि आमच्या घरात ती सगळी माझ्याच वाट्याला आलीय. हा आपला मान डोलावून घरी आला.

काम तसं साधं होतं. ज्या मुलांनी जन्मात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही, त्यांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवायचं आणि त्यासाठी एकच पाठ्यपुस्तक ठरवायचं. समिती नेमली होती, पण समिती म्हणजे चहा प्यायला सगळे आणि वाचायला हा एकटा. आमच्या जेवायच्या टेबलावर चार पुस्तकं येऊन पडली. मी त्यांना माझ्या सोयीने नावं ठेवली. एक कुत्र्यामांजरांचं, त्यात पानोपानी कुत्रा भुंकायचा आणि मांजर म्याव करायची. एक बँकेचं, खातं उघडा, भरा, काढा. एक जाडं, उशाला घेण्याजोगं. आणि एक पातळ, त्यात कपच कप होते.

"वाच आणि सांगून मोकळा हो," मी म्हटलं.

"मला चारही सोपी वाटतात. मला येतं ना! ज्याला येतं त्याला पुस्तक कुठे अडतं ते कळतच नाही."

"मग मला दे वाचायला. मी एक्स-रे काढते, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"तू पहिलं वाचशील आणि शिकशील. मग दुसरं तुला सोपं जाणार. त्यात दुसऱ्या पुस्तकाचं काय कौतुक? खरी तुलना करायची तर चारही पुस्तकं एकाच माणसाने वाचायला हवीत, आणि चारही वेळा पहिल्यांदाच."

"असा दर वेळी कोरा होणारा माणूस तुला कुठे मिळणार, बाजारात?" मी हसले. आणि हसता हसता गप्प झाले, कारण तो आईंच्या खोलीच्या दाराकडे बघत होता.

माझ्या सासूबाई शाळेत गणित शिकवायच्या. साध्यासुध्या नव्हे, ज्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप व्हायचा अशा. आता त्यांच्या लक्षात नवं काही राहत नाही. सकाळचं दुपारी अंधुक होतं आणि झोप झाली की पाटी साफ. जुनं मात्र लख्ख. त्यांच्या हिशेबाने त्या अजून शाळेत शिकवतात, सध्या सुट्टी चालू आहे, नवरा कामाला गेलाय आणि मुलगा दुसरीत आहे, खेळायला बाहेर पडलाय. समोर वावरणारा उंच, टक्कल पडत चाललेला माणूस म्हणजे तोच मुलगा, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही. कधीतरी त्याने कॉलेजात शिकवतो असं सांगितलं, तेवढं कसं कोण जाणे चिकटून राहिलं, आणि त्या त्याला सर म्हणायला लागल्या. मी त्यांची पोरी. "ए पोरी, पाणी दे गं." सासरे जाऊन काळ लोटला, पण ते आम्ही त्यांना सांगत नाही. एकदा सांगितलं होतं. पुन्हा सांगायची हिंमत कोणाला होईल?

"आईवर प्रयोग करणार तू?" मी विचारलं.

"प्रयोग काय म्हणतेस! दिवसभर खिडकीत बसून असते, त्यापेक्षा डोकं तरी चालेल."

खोटं कशाला बोलू, मलाही पटलं.

सुरुवातीचे दिवस तर मजेचे गेले. हा दारावर टकटक करायचा. "बाई, नवं पुस्तक आलंय. मुलांना देण्यासारखं आहे का, तपासून द्याल?" आई ताठ बसायच्या. चष्मा, पेन्सिल, आणि तो जुना शाळेतला आवाज. "बघू." मग एकेका पुस्तकाची अशी सालं काढायच्या की विचारू नका. कुत्र्यामांजरांच्या पुस्तकाला म्हणाल्या, "कुत्रा भुंकतो हे सांगायला एवढी पानं? पोरांना काय ऐकू येत नाही?" जाड्या पुस्तकाला म्हणाल्या, "या माणसाला शिकवायचं नाहीये, स्वतःला किती येतं ते मिरवायचंय." बँकेचं त्यांना बरं वाटलं. "खात्यातली रक्कम खात्यानेच सांगायची, बाहेरच्याने आत हात घालायचा नाही, हे शहाणपणाचं आहे." कुठे अडल्या, कुठे कपाळाला आठी पडली, हे तो टिपून घ्यायचा. मग त्या झोपल्या की खोडरबर घेऊन त्यांच्या सगळ्या खुणा पुसायचा. दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा कोरं आणि आईही कोऱ्या.

एकदा वाचून भागायचं नाही म्हणे. झोप नीट झाली नसेल, पाय दुखत असेल, तर निकाल चुकायचा. म्हणून तेच पुस्तक पुन्हा, आणि पुन्हा. मास्तर लोकांचा हा चिकटपणा मला मेला कधी कळला नाही.

मग एका सकाळी आई वाचता वाचता थांबल्या. अंगठा पानावरून मागे घेतला, पुन्हा हळूच फिरवला.

"सर, हे पुस्तक नवं नाही."

"का हो, बाई?"

"कुणीतरी आधी वाचलंय. खुणा केल्यात आणि खोडल्यात. खोडलं तरी कागदावर दाब राहतो." उत्तर खोडून शेजाऱ्याचं लिहिणारी पोरं त्यांनी जन्मभर अशीच बोटाने पकडली होती. आमच्या शहाण्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. "आणि जिथे मला शंका येतेय ना, बरोबर तिथेच तिला आलीय."

"तिला?"

"बाईचा हात आहे हा," आई म्हणाल्या आणि खोलीत इकडेतिकडे बघायला लागल्या.

आम्हाला वाटलं, विसरतील. विसरल्या की! दुसऱ्या दिवशी काही आठवत नव्हतं. पण बोटाला पुन्हा तो दाब लागला आणि पुन्हा तेच. आणि एक गोष्ट मला तेव्हा कळली. त्यांच्या डोक्यातून गोष्टी जायच्या, पण भीती जायची नाही. ती साठत गेली. कशाची ते माहीत नाही, तरी सकाळी उठल्यापासून त्या घाबरलेल्या असायच्या. हे कसं होतं ते मला विचारू नका, मी हाडांची माणूस आहे, हाडांच्या पलीकडचं मला दिसत नाही.

त्यांनी खिडकीतली खुर्ची ओढून भिंतीला टेकवून घेतली, पाठीमागून कुणी येऊ नये म्हणून. खुर्चीत बसायच्या आधी हात लावून बघायच्या. "गरम आहे गं. आत्ताच उठून गेली." चष्मा लावला की काढायच्या, काड्या पुसायच्या. "हा तिने लावला होता. तिच्या केसांच्या तेलाचा वास येतोय. माझंच तेल वापरते मेली." मी म्हणायचे, आई, घरात आपण तिघंच. त्या मान हलवायच्या आणि माझ्याकडे अशा बघायच्या की मीच लपवतेय काहीतरी.

एकदा त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि कानाशी येऊन विचारलं, "पोरी, गेली का ती?"

"कोण, आई?"

"माझ्या आधी येते ती. माझ्या मनात जे येईल ते तिच्या मनात आधीच येऊन गेलेलं असतं. मला काही करत नाही गं. पण मला वाटतं, तिला माझी जागा हवीय."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भर सकाळी, स्वच्छ उजेडात. तेव्हापासून मीही त्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून उभी राहीनाशी झाले. एका दुपारी आई गाढ झोपल्या होत्या आणि खोलीतून पेन्सिल कागदावर घासल्याचा आवाज आला. मी हातातलं भांडं तसंच टाकून धावले. पडद्याची दोरी वाऱ्याने भिंतीला घासत होती, दुसरं काही नाही. कळलं, हसूही आलं, पण भांडी घासायला परत गेले ती दिवाणखान्यातला टीव्ही मोठ्याने लावूनच.

"बास झालं आता," मी नवऱ्याला म्हटलं. "आईंची दशा बघवत नाही. घे त्यातलं एक आणि दे पाठवून."

"एवढा आठवडा. समितीची मुदत आहे."

पुढच्या आठवड्यातही एवढाच आठवडा होता. मधल्या काळात कुत्रीमांजरं गेली, बँक गेली, जाडं पुस्तक परत गेलं. टेबलावर राहिलं ते कपांचं पातळ पुस्तक. मी कामावर जायचे तेव्हा दोघं वाचायला बसलेली असायची आणि परत यायचे तेव्हा आईंचे डोळे सुजलेले असायचे. विचारलं तर त्यांना काही माहीत नसायचं, आणि हा म्हणायचा, थकते गं ती.

मग त्याच्या कॉलेजातल्या एक मॅडम आमच्या हॉस्पिटलात आल्या. जिन्यावरून घसरून मनगटावर पडल्या होत्या. त्या त्याच समितीवर होत्या. मी त्यांचा हात प्लेटवर ठेवता ठेवता म्हटलं, "सुटा एकदाचे त्या पुस्तकातून तुम्ही लोक. आमच्या घरात नुसतं भिजत घोंगडं पडलंय."

"कुठलं पुस्तक?" त्या म्हणाल्या. "ते तर कधीच ठरलं! बँकेचं घेतलं. मुलांचे तीन धडे शिकून झाले. तुमच्या मिस्टरांनीच तर सुचवलं."

मी त्यांना हात हलवू नका म्हणाले, आणि तोच फोटो दोनदा काढला.

घरी पोचले तेव्हा हा टेबलाशी बसून पातळ पुस्तकाची पानं पुसत होता. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. तोंडाचा जो पट्टा सोडला, तो शेजाऱ्यांनीही ऐकला असेल. समितीला मुदत, मुलांचं भलं, सगळ्या थापा? स्वतःच्या आईला रोज भुताची भीती घालतोस, कशासाठी? हौस म्हणून? तो रबराचा भुगा तळहाताने गोळा करत राहिला.

"बोल ना!"

"उद्या सुट्टी घे," तो म्हणाला. "तिच्याजवळ बस. मग काय बोलायचं ते बोल."

सुट्टी घेतली. सकाळी आई भिंतीला टेकलेल्या खुर्चीत अंग चोरून बसल्या होत्या. त्याने पुस्तक दिलं, त्यांनी पेन्सिल घेतली. मी पलंगाच्या कडेला.

पातळ पुस्तकात असं होतं. कपाचा साचा एक, त्याला क्लास म्हणायचं. त्या साच्यातून निघालेला एकेक कप म्हणजे ऑब्जेक्ट. दोन लाल कप घ्या, दोन्हींत चहा अगदी तेवढाच. दिसायला सारखे, पण म्हणून ते एक होत नाहीत. एकातला चहा प्यायलात तरी दुसरा भरलेलाच. पण एकाच कपाला दोन नावं दिली असतील तर? या नावाने चहा प्या, त्या नावाने बघा, कप रिकामा. तेव्हा वस्तू दोन आहेत की एकाच वस्तूची नावं दोन, हे दिसण्यावरून ठरवू नका. इकडे बदल करा आणि तिकडे बघा. एवढंच. आई मोठ्याने वाचत होत्या, मलासुद्धा ऐकून कळलं.

आईंनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. अंगठा पानावरून फिरवला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"ती इथे थांबली होती," त्या हळूच म्हणाल्या. "बराच वेळ. इथे खूप जोरात रेघ मारलीय."

मी उठणार होते. नवऱ्याने हाताने थांबवलं.

आईंनी त्याच ओळीखाली स्वतः रेघ मारली, आणि रेघेच्या शेवटी सवयीने एक बारीकशी बरोबरची खूण केली, गणित तपासताना करतात तशी. मग खोडलेल्या रेघेच्या टोकाशी बोट नेलं. तिथेही ती खूण होती. पेन्सिल थांबली. मी त्यांना इतक्या वर्षांत खूप वेळा विचार करताना पाहिलंय, पण असा नाही. डोळे बारीक, ओठ हलतायत, फळ्यासमोर उभ्या असल्यासारख्या.

"इकडे बदल करा आणि तिकडे बघा," त्या पुटपुटल्या. "तिने एवढं लिहिलं. रोज लिहीत असेल, तर तिच्या बोटाला घट्टा पडला असणार." त्यांनी पेन्सिल खाली ठेवून उजव्या हाताचं मधलं बोट उजेडात धरलं. तिथे घट्टा होता, ताजा, आणि कडेला शिसाचा करडा डाग. "मी तर पेन्सिल आत्ता घेतली. बदल तिच्यात झालाय आणि दिसतोय माझ्या हाताला."

नवरा खुर्चीच्या कडेवर पुढे सरकला.

"नावं दोन," आई म्हणाल्या. "कप एकच."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर त्या आमच्या आई नव्हत्या. शिडी धरली की वरपर्यंत जायचंच. "म्हणजे हे मी वाचलंय. म्हणजे मी विसरते. काल विसरते, तर वर्षंही विसरले असेन." स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले, त्यावरच्या शिरा, सुरकुत्या. "हे काही दुसरीतल्या मुलाच्या आईचे हात नाहीत. म्हणजे मुलगा मोठा झाला. आणि परका मास्तर रोज येऊन माझ्या रेघा खोडत बसणार नाही." त्यांनी मान वर केली. माझ्या नवऱ्याकडे नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत बघितलं.

"भोपळ्या?"

दुसरीत त्याला गणितात भोपळा मिळाला होता, आणि तो देणाऱ्या बाई त्याच्याच आई होत्या. तेव्हापासून घरात तो भोपळ्या. त्या नावाने त्याला हाक मारणारं जगात दुसरं कुणी उरलेलं नाही. हा एवढा मोठा माणूस खुर्चीवरून खाली घसरला आणि त्याने आईंच्या मांडीत डोकं घातलं. आईंनी त्याच्या टकलावरून हात फिरवला.

"केस कुठे गेले रे तुझे?"

तो हसला, रडला, मला काही कळेना. मीही तेच करत होते.

"लग्न झालं तुझं?"

"हो. ही काय."

"ही पोरगी? चांगली आहे." माझ्याकडे बघून मान डोलावली. "मी होते का रे लग्नाला?"

"होतीस की."

"मला मजा आली होती का?"

"खूप."

मला कळलं मग सगळं. आठवण काही परत आली नव्हती. त्यांनी त्याला सिद्ध केलं होतं, पायरी पायरीने. आणि हे फक्त त्याच पुस्तकाने, त्याच पानावर व्हायचं. माझा नवरा पाठ्यपुस्तक निवडत नव्हता, रोज सकाळी आई मिळवत होता. माझा राग पार विरघळला. क्षणभरच. कारण आईंचं डोकं अजून चालत होतं.

"आणि हे?" त्या म्हणाल्या. "हे कुठे आहेत? ऑफिसात?"

त्याने डोकं वर केलं नाही. मी खिडकीबाहेर बघितलं. गणित शिकवलेल्या बाईला न दिलेलं उत्तरही पुरतं.

"कधी?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये ऐकलाय, बातमी नुकतीच कानावर पडलेल्या बायकांचा. आता कळलं, डोळे का सुजायचे. बाई रोज विधवा होत होती. रोज नव्याने. आणि माझा नवरा तिला घट्ट धरून बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ते पुस्तक हातात द्यायचा. दोघांची इतकी कीव आली मला, आणि इतका संतापही आला, की कुणाला धरावं आणि कुणाला झोडावं ते कळेना.

रडण्याचा भर ओसरला तेव्हा मी त्यांच्या पायाशी बसले.

"आई, हे रोज होतं. रोज तुम्हाला कळतं आणि रोज तुम्ही अशा रडता."

"नको गं," नवरा म्हणाला. "तिला नको विचारूस."

"तिला नाही तर कुणाला विचारू? तुला? आई, उद्या हे पुस्तक तुम्हाला द्यायचं की नाही?"

आईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "हे तू मला आधी विचारलंयस?"

"नाही. कुणीच नाही विचारलं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. हात परत मुलाच्या डोक्यावर ठेवला.

"माझं म्हणशील तर मला काय," त्या शेवटी म्हणाल्या. "मी रडले ते उद्या माझ्याजवळ नसणार. पण याच्याजवळ सगळं राहतं. मला आज हे गेल्याचं कळलं, एकदाच. याला रोज आई मिळते आणि रोज जाते. किती वेळा पोचवलंस रे मला, भोपळ्या?"

त्याने डोकं मांडीत आणखी खुपसलं.

"बंद कर हे. उद्या मी हात पुढे केला तरी देऊ नकोस."

"उद्या तुला मी माहीत नसेन, आई."

"नसशील. तुला मी माहीत आहे ना? मग झालं तर." आणि एकदम जुन्या आवाजात, "बाईंनी सांगितलेलं ऐकायचं असतं."

त्या दिवशी तो खोलीतून हललाच नाही. जेवणाचं ताट मी तिथेच नेऊन दिलं. आई त्याला एकेक विचारत होत्या, तो सांगत होता, त्यांना हसवत होता. मग त्याचा हात धरूनच त्यांना झोप लागली. तो हात न काढता अवघडून बसून राहिला. दुपार उतरल्यावर त्यांनी डोळे उघडले, हाताकडे बघितलं, आणि हळूच, त्याला वाईट वाटू नये अशा बेताने, आपला हात सोडवून घेतला.

"सर, तुम्ही अजून इथेच?"

"निघतोच आहे, बाई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्या उजाडल्या तो पुस्तक घेऊन बाहेर पडला आणि कॉलेजच्या लायब्ररीत टाकून आला. मला वाटलं होतं हा आजारी पडणार. पडला नाही, पण घरात चोरासारखा वावरायला लागला. आईंच्या खोलीत पाऊल टाकायची त्याला भीती वाटायची. सर म्हणून गेलो आणि तिने पुस्तक मागितलं तर? मुलगा म्हणून गेलो तर ती घाबरेल. मग कोण म्हणून जाऊ? तो मला विचारायचा आणि माझ्याजवळ, एवढी जीभ असून, उत्तर नव्हतं. तो बाहेर पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसायचा. तिथून त्याला आई दिसायच्या, आईंना तो दिसायचा नाही.

भीती हळूहळू उतरली. आईंनी एक दिवस खुर्ची भिंतीपासून सोडवली, पुन्हा खिडकीत नेली. बसताना हात लावून बघणं थांबलं. बोटाचा घट्टा मऊ पडला. त्या बाईचं नावसुद्धा निघेना. पण काहीतरी चुकल्यासारख्या वाट बघायच्या, सकाळी केस विंचरून, चष्मा पुसून तयार बसायच्या.

आज मी त्यांची वेणी घालत होते, तर म्हणाल्या, "पोरी, ते सर नाही येत का गं हल्ली?"

माझा हात थांबला. पॅसेजमधल्या खुर्चीचा आवाज झाला. मला तो दिसत होता, उठून उभा राहिलेला.

"कोण सर, आई?"

"नाव नाही आठवत. उंच. रोज यायचे असं वाटतं. भला माणूस होता, पण चेहरा बघवायचा नाही. सारखं काहीतरी हरवल्यासारखा." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आई आहे का गं त्याला?"

"आहे," मी म्हटलं.

"चांगली हिंडतीफिरती आहे ना?"

"हो, आई. आहे."

त्या माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावरून मोठं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"मग तिच्याकडे गेला असेल," त्या म्हणाल्या. "बरं केलं. परक्याच्या दारात किती दिवस येऊन बसायचं माणसाने? ती बिचारी वाट बघत असेल त्याची."